पंप की गोळ्या? त्याआधी आईंच्या श्वासनलिका तपासून घ्या

तुमचा प्रश्न मी वाचला तो असा. आई ५७ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या गावात राहतात. सहा-सात वर्षांपासून खोकला आहे, सकाळी उठल्यावर पांढरा चिकट कफ पडतो, चढ चढताना किंवा पाण्याची कळशी उचलली की दम लागतो, थंडीत फारच हाल होतात. गावातले डॉक्टर इंजेक्शन आणि वाफ देतात, त्यावर चार-आठ दिवस बरे जातात. शहरातल्या डॉक्टरांनी पावडरच्या कॅप्सूलचा पंप दिला, पण मावशी म्हणाल्या, "एकदा पंप लागला की सुटत नाही." तेव्हापासून आई फारच दम लागला तर पंप घेतात, एरवी नाही. विडी-सिगारेटला कधी हात लावलेला नाही. मिश्री मात्र लावतात. भाकरी आणि अंघोळीचं पाणी आजही चुलीवर. बीपीची गोळी आणि काचबिंदूचे थेंब चालू आहेत. आणि तुम्ही विचारता, पंप बंद करून गोळ्यांवर भागेल का?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच वर्षं काम करतो. थेट उत्तर आधी देतो: श्वासनलिकांच्या आजारात पंप हाच पहिला आणि सर्वांत सुरक्षित मार्ग, गोळ्या त्यानंतर. पण तुमचं सगळं वाचल्यावर मला वाटतं की खरा प्रश्न पंप की गोळी हा नाहीच. आईंना नेमका कुठला आजार आहे हे सहा-सात वर्षांत कुणी मोजून पाहिलेलं नाही. दिलेलं औषध नलिकांपर्यंत पोहोचतं का, हेही कुणी पाहिलेलं नाही. आणि ज्या धुरामुळे हे सुरू झालं असण्याची दाट शक्यता आहे, तो रोज दोन वेळा त्यांच्या छातीत जातोच आहे. ही तीन कामं झाल्याशिवाय औषध बदलून हाती काही लागणार नाही.

मी आईंना तपासलेलं नाही, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा. खोकला आणि दम यांचं कारण श्वासनलिकांबाहेरही असू शकतं. आडवं झाल्यावर जास्त गुदमरत असेल, रात्री दचकून उठून बसावं लागत असेल, पायांवर सूज असेल तर हृदय तपासावं लागेल. गावाकडच्या कित्येक बायकांचं हिमोग्लोबिन इतकं कमी असतं की दम निम्मा तरी त्यामुळेच लागतो. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या कुणाचीही थुंकी टीबीसाठी तपासायलाच हवी. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तरुणपणी कधी टीबी होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण बरा झालेला टीबीसुद्धा नलिकांवर वण ठेवून जातो.

आता श्वासनलिकांकडे येतो, कारण आत काय बिघडलंय हे कळलं की औषधाचा आग्रह का धरतो तेही कळेल.

तुमच्याकडे ठिबक असेल तर ही रचना तुम्हाला लगेच उमजेल. मोटरीवरून मेन लाइन, तिच्यावरून सबमेन, त्यावर लॅटरल आणि शेवटी ड्रीपर. मेन सहसा तुंबत नाही, तुंबतात ते टोकाचे ड्रीपर, आणि पाच-दहा बंद पडले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. छातीतही घशाखालून १०-१२ सेंटीमीटर लांबीची मुख्य नलिका निघते, तिचे उजवा-डावा असे दोन फाटे होतात, आणि पुढे फाट्याला फाटा फुटत साधारण २३ टप्प्यांनंतर कोट्यवधी वायुकोश येतात. हवेतला प्राणवायू रक्तात जातो तो तिथे. वरच्या मोठ्या नलिकांना कूर्चेचा आधार असतो, त्या मिटत नाहीत. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नलिकांना तो आधार नसतो. आजार बहुधा इथेच मूळ धरतो, आणि या बारीक नलिका संख्येने इतक्या आहेत की त्यांतल्या पुष्कळ बंद पडेपर्यंत माणसाला काही जाणवतच नाही. म्हणून बाई दम लागतो म्हणून दवाखान्यात येते तेव्हा नुकसान बरंच पुढे गेलेलं असतं.

नलिकांना आतून ओलसर अस्तर असतं आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस. ते सतत हलत असतात आणि धूळ, जंतू चिकटलेला कफाचा पातळ थर वर घशाकडे ढकलत असतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. वर्षानुवर्षं धूर गेला की हे केस झडतात, मंदावतात, आणि कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढतात. रात्रभर साचलेला कफ मग सकाळी खोकून काढावा लागतो. आईंचा सकाळचा कफ म्हणजे हेच असावं.

आणखी एक गोष्ट. हवा नळीतून वाहताना अडथळा नळीच्या रुंदीवर अवलंबून असतो, तोही सरळ हिशोबाने नाही. नळी निम्मी अरुंद झाली की अडथळा दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतो. थोडीशी सूज आणि थोडासा कफ यांनी माणूस एवढा बेजार का होतो ते यातून कळतं. आणि औषधाने नळी थोडीशी जरी रुंदावली तरी जीवाला केवढा आराम पडतो, तेही.

गावात दोन वेगळ्या आजारांना सर्रास दमा म्हणतात, पण उपचारांसाठी ते वेगळे ओळखावे लागतात. एक खरा दमा: नलिका मुळातच चिडखोर असतात, धूळ, परागकण, थंड हवा, सर्दी असं काही निमित्त मिळालं की त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत सूज येते. निमित्त गेलं आणि औषध मिळालं की नलिका जवळपास पूर्ववत होतात. हा आजार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, घरात कुणाला तरी असतो, आणि मधले दिवस अगदी ठणठणीत जातात. दुसरा सीओपीडी: वर्षानुवर्षांच्या धुराने नलिकांच्या भिंती जाड होतात, वण पडतात, वायुकोशांचे पडदे फाटतात. औषधाने आराम पडतो, पण नलिका मूळपदावर येत नाहीत. हा चाळिशीनंतर हळूहळू चढत जातो आणि पूर्ण बरा असा दिवस कधी उजाडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ लाख माणसं सीओपीडीने गेली. मृत्यूच्या कारणांत त्याचा नंबर चौथा होता.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून माझा कल सीओपीडीकडे आहे. पण कल म्हणजे निदान नव्हे. काही जणांत दोन्ही एकत्र असतात, आणि तेव्हा उपचार बदलतात.

"विडी ओढली नाही, मग हा आजार कसा?" असं जवळजवळ प्रत्येक घरातून विचारलं जातं. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा चुलीत सापडतं. फुंकणी घेऊन खाली वाकायचं, जोरात फुंकायचं, आणि फुंकून छाती रिकामी झाली की पुढचा खोल श्वास तिथेच, धुराच्या तोंडाशी घ्यायचा. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ हे चालतं. ओलं जळण, तुराट्या, गोवऱ्या पेटल्या असताना बंद स्वयंपाकघरातल्या हवेत सूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम, कधी हजारांच्या घरात जातं. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा आहे १५. पुण्यातले डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधले पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लेख लिहून हे जगापुढे मांडलं. माझ्या कामात हे डोळ्यांनी दिसतं. काही बायकांच्या नलिका दुर्बिणीतून पाहाव्या लागतात. आयुष्यात विडी न ओढलेल्या बाईचं नलिकेचं अस्तर गुलाबी दिसायला हवं, तिथे फाट्यांच्या तोंडाशी काळे डाग असतात, आणि काही ठिकाणी त्या डागांभोवती नलिका आखडून तोंड बारीक झालेलं असतं. तो काळा रंग धुराचा. दुर्बिणीच्या पडद्यावर सुनेला किंवा मुलाला ते दाखवलं की चुलीचा विषय मला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मिश्रीचंही सांगतो. मिश्री लावल्याने धोका मुख्यतः तोंडाला आणि घशाला, तो मोठा आहेच. पण आई तंबाखू घरी तव्यावर भाजत असतील तर तो धूर थेट छातीत जातो. हे त्यांना विचारा, कारण डॉक्टर ते सहसा विचारत नाहीत आणि बाया आपण होऊन सांगत नाहीत.

आता पहिलं काम: स्पायरोमेट्री. तोंडात नळी धरून पूर्ण श्वास घ्यायचा आणि जोरात, संपेपर्यंत सोडायचा. यंत्र दोन आकडे देतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, म्हणजे एफईव्ही१; आणि एकूण किती पडली, म्हणजे एफव्हीसी. नलिका फुलवणारं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी तीच चाचणी परत करतात. औषधानंतरही पहिला आकडा दुसऱ्याच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी राहिला तर सीओपीडीचं निदान पक्कं होतं. औषधाने एफईव्ही१ बारा टक्के आणि किमान दोनशे मिली असा दोन्ही हिशोबांनी वाढला तर दम्याचा अंश आहे असं समजायचं. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने फुप्फुसाची हवा मोजायचं यंत्र १८४६ मध्ये जगापुढे आणलं. तरीही आपल्याकडे एक्स-रे प्रत्येकाचा काढला जातो आणि ही चाचणी राहून जाते. बीपी न मोजता बीपीची गोळी कुणी देत नाही. मग सहा-सात वर्षं नलिका न मोजता इंजेक्शनं का द्यायची? मला याचा मनापासून राग येतो, कारण त्यात रुग्णाची वर्षं जातात.

एक सूचना: ही चाचणी रुग्णाच्या जोरावर अवलंबून असते. नऊवारी घट्ट नेसलेली असेल, कवळी सैल असेल, किंवा लाजून हलकेच फुंकलं तर आकडे चुकतात. आईंना आदल्या दिवशी घरी दोनदा सराव करायला लावा आणि चाचणीच्या वेळी सोबत थांबा. एक्स-रे, हिमोग्लोबिन, थुंकी, ईसीजी हे सोबत होऊन जाईल. रक्ततपासणीत इओसिनोफिल या पेशींची संख्याही येऊ द्या, पुढे औषध निवडताना ती कामी येते.

यानंतर ज्यावर मी तुम्हाला सगळ्यांत आधी थांबवलं असतं तो मुद्दा: काचबिंदूचे थेंब. बाटलीवरचं नाव वाचा. टिमोलॉल लिहिलेलं असेल तर ते श्वासनलिका आवळणाऱ्या औषधांच्या वर्गातलं आहे. थेंब डोळ्यात टाकला तरी तो अश्रूंच्या वाटेने नाकात, तिथून रक्तात आणि छातीत पोहोचतो. दमा किंवा सीओपीडी असलेल्या माणसाला तेवढा थेंबही त्रासदायक होऊ शकतो, आणि दम्यात तर धोकादायक. दम कधी वाढला आणि थेंब कधी सुरू झाले, या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. पण थेंब आपल्या मनाने बंद करू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की आईंना श्वासाचा त्रास आहे. त्यांच्याकडे दुसऱ्या वर्गातली औषधं असतात. तोवर थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने हलकेच दाबून धरला तर औषध शरीरात कमी उतरतं.

याची दुसरी बाजूही आहे. नलिका रुंदावणारी काही औषधं, विशेषतः इप्राट्रोपियमची वाफ, मास्क सैल असेल तर डोळ्यात जाते, आणि काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब अचानक चढू शकतो. आणि गावात दर हिवाळ्यात दिलेल्या इंजेक्शनात स्टेरॉइड असेल तर त्यानेही डोळ्याचा दाब वाढतो. म्हणून छातीच्या डॉक्टरांना डोळ्यांची आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना छातीची फाईल दाखवणं तुमच्या आईंच्या बाबतीत फार गरजेचं आहे. बीपीच्या गोळीचंही नाव बघा. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. त्या बदलता येतात. प्रोप्रॅनोलॉल असेल तर ती टिमोलॉलच्याच वर्गातली, डॉक्टरांना लगेच दाखवा. अचानक बंद करायची तीही नाही.

इथवरचं थोडक्यात: थुंकी, हिमोग्लोबिन आणि हृदय पाहून घ्यायचं, स्पायरोमेट्री औषधाच्या आधी आणि नंतर करायची, आणि थेंब व गोळ्या यांची नावं तपासायची. आता पंप.

"पंपाची सवय लागते" ही भीती मी रोज ऐकतो आणि ती बोलणाऱ्या माणसाच्या काळजीतूनच आलेली असते. मावशींना बोल लावू नका. त्यांनी पाहिलेलं असतं की अमक्या काकांना पंप सुरू झाला आणि मरेपर्यंत सुटला नाही. पण सुटला नाही तो आजार. चष्मा किंवा बीपीची गोळी आयुष्यभर लागते तेव्हा आपण सवय म्हणत नाही. औषधाच्या मात्रेचा हिशोब पाहा. साल्ब्युटामॉलची गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची. फवाऱ्याच्या पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस झोतांइतकं औषध. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते, आणि नलिकेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पंपातलं औषध जिथे हवं तिथे थेट उतरतं आणि पाच मिनिटांत काम सुरू करतं. गोळीला सौम्य आणि पंपाला जहाल समजणं हा नेमका उलटा हिशोब आहे.

खरं बिघडतं ते औषध घेण्याच्या पद्धतीत. ओपीडीत मी पंप सोबत आणायला सांगतो आणि माझ्यासमोर घ्यायला लावतो. बघायला मिळतं ते असं: कॅप्सूल मशीनमध्ये न टाकता पाण्याबरोबर गिळलेली असते. कॅप्सूल टाकली, पण फिरवून उघडलीच नाही. ओढण्याऐवजी मशीनमध्ये फुंकलं, सगळी पावडर ओली झाली. ओढलं पण दोन ओठांच्या फटीतून, पावडर जिभेवर राहिली. कुणी ओढून लगेच श्वास सोडला. ही माणसं औषध "घेत" असतात, पैसे जात असतात, गुण येत नाही, आणि मग डॉक्टर डोस वाढवतो.

आईंना नीट बसवा आणि असं करून घ्या. कॅप्सूल खाचेत बसवून मशीन फिरवायचं. मशीनपासून तोंड बाजूला करून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. ओठ घट्ट लावून एका दमात जोरात आणि खोल ओढायचं. मशीन काढून तोंड मिटून, मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. मग मशीन उघडून पाहायचं. कॅप्सूलमध्ये पावडर शिल्लक दिसली तर पुन्हा एकदा ओढायचं. पावडरच्या पंपाला ओढण्याचा जोर लागतो. आईंच्यात तेवढा जोर नसेल, आणि हे स्पायरोमेट्रीच्या वेळी कळतंच, तर डॉक्टरांना फवाऱ्याचा पंप आणि त्यासोबत स्पेसर, म्हणजे ती मोठी प्लॅस्टिकची नळी, लिहून द्यायला सांगा. फवाऱ्याचं तंत्र वेगळं: पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एकच झोत सोडायचा, आणि हळू, सावकाश ओढायचं. पावडर जोरात, फवारा हळू. यात माणसं हमखास गोंधळतात. पंपात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर आवाज बसतो आणि तोंडात पांढरे चट्टे येतात.

घरी वाफेचं मशीन घ्यावं का, असं तुम्ही पुढे विचाराल. बहुतेकांना त्याची गरज नसते. त्याच औषधाचे झोत स्पेसरमधून नीट घेतले तर तेवढाच गुण येतो.

कुठलं औषध हे निदानावर ठरेल, म्हणून इथे नावं लिहून देत नाही. पण तत्त्व समजून घ्या. सीओपीडी असेल तर नलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारी औषधं मुख्य. त्रास असो-नसो, रोज ठरल्या वेळी घ्यायची. स्टेरॉइडचा पंप प्रत्येकाला लागत नाही. वारंवार त्रास उफाळत असेल आणि इओसिनोफिल जास्त असतील तर त्याचा फायदा होतो, उगाच दिला तर न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. दमा असेल तर उलट: तिथे स्टेरॉइडचा पंप हाच पाया आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की फक्त झटपट आराम देणाऱ्या औषधावर दमा काढायचा नाही. "दम लागला तरच पंप" ही आईंची पद्धत म्हणून दोन्ही आजारांत चुकीची ठरते.

गावातल्या इंजेक्शनाबद्दल. अचानक वाढलेल्या त्रासात पाच-सात दिवस स्टेरॉइडची गोळी देणं योग्य उपचार आहे, मीही देतो. पण दर महिन्याला घेतलेल्या इंजेक्शनाने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, त्वचा पातळ होते. चार-आठ दिवस बरं वाटतं ते त्याचमुळे, आणि तेवढ्याने आजार थांबत नाही. आई बिनचिठ्ठीच्या बारीक पांढऱ्या गोळ्या बरेच महिने रोज घेत असतील, कुणाच्या पुडीतल्या किंवा "आयुर्वेदिक" म्हणून मिळालेल्या, तर त्या एकदम बंद करू नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं आणि ते उतरत्या क्रमाने सोडावं लागतं. पुडी डॉक्टरांना दाखवा. कोजागरीला खिरीतून मिळणारं दम्याचं औषध श्रद्धेने घ्यायचं असेल तर घरच्यांना मी अडवत नाही, मात्र त्यासाठी रोजचा पंप थांबवायचा नाही एवढं वचन घेतो. ओव्याची किंवा हळदीची धुरी मात्र नको. धूर औषधी असला तरी नलिकांसाठी धूरच.

आता चूल. तुमच्याकडे गॅस आहे असं धरून चालतो. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गावागावांत शेगड्या पोहोचल्या. पण सिलिंडरचा खर्च आणि चुलीवरच्या भाकरीची चव यांमुळे चूल विझलेली नसते, हे मला माहीत आहे. तुम्ही मुलगा आहात तर हा भार तुम्ही उचला. सिलिंडर भरायचे पैसे दर महिन्याला वेगळे काढा, आईंना मागायला लावू नका. अंघोळीच्या पाण्यासाठी सोलर जमला तर उत्तम, नाहीतर बंब अंगणात, आणि तो पेटवायचं काम दुसऱ्या कुणाकडे. चूल ठेवायचीच असेल तर वर धुराडं आणि समोरासमोर दोन खिडक्या. चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या शुआनवेई इथे धुराडं नसलेल्या चुलींऐवजी धुराड्याच्या चुली आल्या, त्या घरांमध्ये पुढच्या वर्षांत सीओपीडीचं प्रमाण घटलेलं संशोधकांना दिसलं. त्याला साधारण दशकभर लागलं, म्हणून आज करायचं ते आजच करा. नातवंडं त्याच स्वयंपाकघरात वाढताहेत.

बाकी धूर मोजून काढा. रात्री डासांची कॉइल लावत असाल तर मच्छरदाणी घ्या: २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडल्याचं आढळलं. ऊसतोड झाल्यावर पाचट पेटवतात त्या दिवशी आईंना दारं-खिडक्या लावून आत बसवा, आणि तुमच्या स्वतःच्या शेतात पाचट पेटवण्याऐवजी कुजवा. देवघरात धूप-अगरबत्तीऐवजी निरांजन पुरेसं आहे.

चालणं सोडू देऊ नका. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिला की पायांचे स्नायू कमजोर होतात, आणि मग तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. सपाटीवर रोज थोडं, दम लागेल तिथे थांबून पुन्हा. या आजारात हवा आत घ्यायला नाही, बाहेर सोडायला अडचण असते; ती आत अडकून बसते. म्हणून दम लागला की नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळूहळू, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. यासाठी औषध लागत नाही आणि एका दिवसात जमतं. पावसाळ्याआधी फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस कुठली आणि कधी ते डॉक्टर सांगतील.

कधी थांबायचं नाही तेही सांगतो. एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, ओठ-नखं निळसर, बोलता बोलता गुंगी, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली, किंवा पंप घेऊनही आराम नाही, यांतलं काहीही झालं तर गावातल्या इंजेक्शनाची वाट न पाहता १०८ ला फोन करा. कफ पिवळा-हिरवा आणि जास्त पडू लागला, किंवा कफातून रक्त आलं, तर त्याच दिवशी दाखवा. मुळात आईंचा आकडा निवांत बसलेल्या असतानाही ८८ किंवा खाली असेल तर घरी ऑक्सिजन लागतो का हे तपासावं लागेल.

किती फरक पडेल, हे स्पायरोमेट्रीवर अवलंबून आहे. दमा निघाला तर त्या जवळपास पूर्वीसारख्या होतील. सीओपीडी निघाला तर गेलेलं परत येणार नाही, पण पुढची घसरण मंदावते, हिवाळ्यातले दवाखान्याचे फेरे कमी होतात आणि देवळापर्यंत चालत जाणं पुन्हा जमतं. अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

डॉक्टरांकडे जाताना थेंबांची बाटली, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पंप आणि जुने एक्स-रे एका पिशवीत घ्या. चाचणी झाली की औषधाआधीचे आणि औषधानंतरचे दोन्ही आकडे, आणि बाटलीवरचं नाव मला कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.